फ्लेक्स उतरवला तरी चालेल, अक्कांची वही वापरा: शाळेच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव व मुख्याध्यापक यांस

प्रत माहितीसाठी: परिवहन कार्यालय, सोलापूर, वाहतूक शाखा, सोलापूर शहर पोलीस, आणि या मार्गावरचे सगळे पालक

महोदय,

शाळेचं नाव या पत्रात मुद्दाम घातलेलं नाही. पत्र कुणासाठी आहे ते आपल्याला कळेल, आणि ज्यांच्या शाळेतही हेच चाललंय त्यांनाही कळेल.

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या बसचालक अक्का हृदयविकाराने गेल्या. दुसऱ्या दिवशी फाटकावर दहा बाय सहाचा फ्लेक्स लागला. त्यावर अक्कांचा फोटो, ‘शाळेची माउली’ ही अक्षरं आणि खाली संचालक मंडळातल्या सगळ्यांची नावं. त्यांचा तेरावा व्हायच्या आत पालकांच्या मोबाइलवर परिपत्रक आलं. बसमध्ये कॅमेरे बसवल्यामुळे दोन्ही मदतनीस बायकांची गरज उरलेली नाही. जूनपासून नीलम नगरचा आणि अशोक चौकाचा असे दोन मार्ग एकत्र होतील. गल्लीतले थांबे बंद, मुलांना मुख्य रस्त्यावर आणून सोडायचं. बस यापुढे ठेकेदार चालवणार. अक्कांची रोजची वही कार्यालयात जमा करून घेतली, कारण ‘सगळं ॲपमध्ये आहे’. आणि घरची माणसं देण्याघेण्याचं विचारायला आली तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की अक्का कागदोपत्री आपल्या नव्हत्याच.

फ्लेक्सवर माउली आणि कागदावर परकी, हे आम्हाला गुपचूप मान्य करता येत नाही. आम्ही म्हणजे या मार्गावरचे पालक, शहरात शाळेच्या गाड्या चालवणारे चालक आणि मदतनीस.

अक्का सतरा वर्षं ही बस चालवत होत्या. बस चालवायचं लायसन्स कुणी हातावर ठेवत नाही. आधी हलक्या वाहनाचं लायसन्स काढायचं, त्याला वर्ष पुरं झाल्यावर प्रवासी वाहनासाठी शिकाऊ लायसन्स मागायचं, डॉक्टरकडून नमुना १-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, भरून आणायचा, परीक्षा द्यायची, मग बॅज. त्या काळी चालकाला आठवी पासची अटही होती, ती २०१९ मध्ये निघाली. विड्या वळणाऱ्या घरातली बाई हे सगळं करून स्टिअरिंगवर बसली. घरी नवरा यंत्रमागावर, सासू अंथरुणावर, दोन मुलं, दोन सुना, नातवंडं आणि शिकायला ठेवलेला भाचा. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, बसमध्ये मराठी. शाळेची फी असो की कुणाचं बाळंतपण, घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

या घराचा एक नियम बसच्या कामाचा आहे म्हणून सांगतो. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं आणि बऱ्याचदा अवेळी येतं. पिंप भरायला उठण्याची पाळी घरातल्या प्रत्येकाला होती, अक्कांना नव्हती. घरातला शेवटचा शब्द त्यांचा म्हणून ही सूट नव्हती. रात्री दोनला उठून पाणी भरलेला माणूस सकाळी सातला डुलक्या घेतो, आणि त्याच्यामागे तीस मुलं बसलेली असतात. हा हिशेब त्यांनी सुनांना, मुलांना समजावून पाळ्या लावल्या. ठेकेदाराच्या चालकाची झोप कोण मोजणार, हे परिपत्रकात नाही.

आता मुद्द्यांवर येतो.

सगळ्यात गंभीर गोष्ट मदतनीस काढण्याची. बसचालक उंचावर बसतो. तीन फुटांचं मूल बसच्या अगदी पुढून चाललं तर त्याला ते काचेतून दिसतच नाही. नाकासमोरचा तेवढा पट्टा आंधळा असतो, म्हणून समोर गोल आरसा लावतात, पण त्या आरशात मूल बोटाएवढं दिसतं आणि पाहायला चालकाला क्षणभरच मिळतो. दुसरी आंधळी जागा डाव्या मागच्या चाकाची. बस वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेतून जात नाही, आतून कापत जातं. उतरलेल्या मुलाची पाण्याची बाटली घरंगळते, ते वाकतं, आणि आरशात काहीच नसतं. तिसरी गोष्ट दाराची: दप्तराचा पट्टा किंवा ओढणी दारात अडकते, मूल खाली आणि पट्टा वर, अशात बस सुटते.

मदतनीस या तिन्ही जागांसाठी असते. अक्कांच्या बसमध्ये क्रम ठरलेला होता. बस रस्त्याच्या डाव्या कडेला पूर्ण थांबणार, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक, मग दार. आधी मदतनीस उतरणार, नंतर मूल. दार मोकळं आहे ना, हे ती हाताने चाचपणार. रस्ता ओलांडायचा असेल तर मुलाचा हात धरून बसच्या पुढून, पण दहा फूट अंतर सोडून, म्हणजे चालकाला दोघं डोक्यापासून पायापर्यंत दिसतील. पलीकडे मूल घेणाऱ्याच्या हातात गेलं की ती परत येऊन डावं मागचं चाक पाहणार, बसच्या पत्र्यावर दोन थापा मारणार आणि मगच चढणार. दोन थापा ऐकल्याशिवाय अक्का हँडब्रेक सोडत नसत. गल्लीत बस मागे घ्यायची वेळ आली तर मदतनीस मागे उभी. ती दिसत नसेल तर बस जागची हलायची नाही.

कॅमेरा यातलं काय करतो? तो नोंद ठेवतो. अपघात कसा झाला हे दुसऱ्या दिवशी दाखवतो. मुलाचा हात धरायला तो खाली उतरत नाही.

वेळेचा हिशेबही मांडून पाहा. मदतनीस असली की एका थांब्याला साधारण पाऊण मिनिट लागतं. एकट्या चालकाने हेच नीट करायचं तर हँडब्रेक ओढून, उतरून, बसला वळसा घालून यावं लागतं, म्हणजे पावणेदोन-दोन मिनिटं. चौदा थांब्यांना पंधरा मिनिटांच्या आसपास उशीर. शाळेची घंटा तर तीच. मग हा उशीर दोनच ठिकाणी भरून निघतो: चालक उतरायचं बंद करतो, किंवा गुरुनानक चौकापासून पुढे पाय दाबतो. बहुतेक जण दोन्ही करतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, वेळापत्रकच तसं आखलेलं असतं.

शिवाय हा मर्जीचा प्रश्नही नाही. राज्याच्या स्कूल बसविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार बसमध्ये मदतनीस लागतो, आणि मुली असतील तर महिला मदतनीस. आपल्या बसमध्ये निम्म्या मुली आहेत. काढलेल्या दोघींपैकी एक अक्कांची सून आहे, हे आम्ही लपवत नाही. आपल्याला ती नको असेल तर दुसरी बाई नेमा, पण जागा रद्द करू नका.

दोन मार्ग एकत्र करण्याबद्दल. बत्तीस आसनांची बस. नीलम नगरकडची एकोणतीस मुलं आणि अशोक चौकाकडची एकवीस, मिळून पन्नास. ‘लहान मुलं आहेत, दाटीवाटीने बसतील’ असं कार्यालयातून ऐकवलं गेलं. तीन मुलांच्या बाकावर चौथं मूल बसतं ते कडेला, अर्धं बाहेर. ब्रेक लागला की पहिलं तेच पडतं. उभी मुलं मधल्या वाटेत दप्तरं ठेवतात, आणि आपत्कालीन दाराकडे जाणारी वाट ती हीच.

थांबे मुख्य रस्त्यावर नेण्याने बसचं डिझेल वाचेल. पण अक्कलकोट रोडवरून ट्रक आणि ऊस हंगामात ट्रॉल्या कशा धावतात, हे सोलापुरात कुणाला सांगायला हवं? सहा वर्षांचं मूल त्या कडेला पाच मिनिटं उभं करणं आणि गल्लीच्या तोंडाशी, घराच्या ओट्यासमोर उभं करणं यात फरक आहे. गल्लीतले थांबे निवडताना अक्कांनी तीन गोष्टी पाहिल्या होत्या: बस डाव्या हाताला लागते का, मागे न घेता पुढून बाहेर पडता येतं का, आणि उघडं गटार किती लांब आहे. असे चौदा थांबे सापडायला एक पूर्ण वर्ष गेलं होतं. ते एका परिपत्रकात पुसले गेले.

आता वही. लाल पुठ्ठ्याची, लांब पानांची, दुकानात उधारीला वापरतात तसली. डाव्या पानावर मुलं, उजव्यावर गाडी.

डाव्या पानावर थांबा, मुलाचं नाव, चढल्याची खूण, उतरल्याची खूण, आणि मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं त्यांची दोन नावं. फक्त दोन. तिसरा माणूस आला, मग तो सख्खा काका का असेना, तर आईला फोन केल्याशिवाय मूल उतरत नसे. थांब्यावर कुणीच नसेल तर मूल बसमध्येच राहायचं, फेरी पुरी व्हायची आणि बस पुन्हा त्या थांब्यावर यायची. तरीही कुणी नाही तर शाळेत परत. शेजाऱ्यांकडे सोडणं नाही, किराणा दुकानात बसवणं नाही. ॲपमध्ये ‘उतरले’ असं एक बटण आहे. कुणाच्या हातात उतरलं, याला रकाना नाही.

फेरी संपली की शेवटची खूण असायची ‘मागचं बाक’. अक्का इंजिन बंद करून स्वतः शेवटच्या बाकापर्यंत चालत जात, प्रत्येक बाकाखाली वाकून पाहत आणि मगच बस बंद करत. बालवाडीतली मुलं दुपारच्या परतीला झोपतात, झोपेत घसरून बाकाच्या खाली जातात, आणि पुढच्या आरशात बाक रिकामा दिसतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. बंद काचांच्या बसमध्ये मोठ्या माणसालाही थोड्या वेळात गुदमरायला होतं. ही चाल दोन मिनिटांची आहे. पैसा लागत नाही. ती चुकते फक्त एका कारणाने: चालकाला पुढची फेरी गाठायची असते. ठेकेदार फेरीवर पैसे देतो, एका शाळेची मुलं उतरवून तीच बस दुसऱ्या शाळेला पळते. म्हणून ठेक्यात ही चाल लिहिलेली नसेल तर ती होणार नाही, हे धरून चाला.

उजव्या पानावर गाडी. टायरची हवा सकाळी, बस हलण्याआधी, टायर गार असताना. हे उलटं केलं की काय होतं ते पाहा. दुपारी तापलेल्या टायरची हवा मोजली की आकडा जास्त येतो, कुणीतरी ‘जास्त झाली’ म्हणून सोडतं, दुसऱ्या सकाळी टायर कमी हवेवर धावतो, त्याची बाजू दुमडत राहते, आणखी तापते आणि एक दिवस फुटतो. पुढच्या दोन चाकांना रबर चढवलेले टायर कधीच नाहीत. उन्हात त्यांची साल सुटते, आणि पुढचा टायर गेला की स्टिअरिंग हातात राहत नाही. चाकाच्या प्रत्येक नटावर आणि रिमवर मिळून रंगाची एक रेघ मारलेली. रेघ तुटलेली दिसली की नट सैल झाला. पाना लावायच्या आधीच कळतं.

आपल्या बसला हवेचे ब्रेक आहेत. काटा पुरता वर येऊन बझर थांबल्याशिवाय बस हलवायची नाही. मग इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरायचा आणि मिनिटभर काट्याकडे पाहायचं. काटा उतरू लागला तर कुठेतरी गळती आहे. हवेच्या टाकीत पाणी साठतं, ते खालच्या कॉकमधून सोडायचं: पावसाळ्यात रोज, एरवी आठवड्याला. आग विझवायचा सिलिंडर महिन्यातून एकदा उलटा करून हलवायचा, कारण आतली पावडर तळाला बसून दगड होते. काटा हिरव्यात असतो, दांडा दाबला की नुसती हवा येते. मागचं आपत्कालीन दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडून पाहायचं. शहरातल्या कितीतरी बसमध्ये ते गंजून बसलेलं असतं, किंवा तिथे एक जादा बाक ठोकलेलं असतं. परिवहन कार्यालयाच्या फिटनेस तपासणीच्या दिवशी बाक काढतात, दुसऱ्या दिवशी परत लावतात. आठ वर्षांपुढच्या बसचं फिटनेस वर्षातून एकदा होतं. उरलेले सगळे दिवस बस या वहीवर चालते.

वेग नियंत्रकाचं सील तोडलेलं आहे की नाही, हेही त्यात असे. केंद्राच्या नियमाने स्कूल बसला ताशी ६० ची मर्यादा आहे. अक्का शहरात चाळिशीवर जात नसत, त्यामुळे त्यांना त्या यंत्राची तशी गरज नव्हती. पुढच्या माणसाला असेल.

ही वही आपल्या कार्यालयात कपाटात आहे. शाळेची मालमत्ता म्हणून ती आपण ठेवून घ्या, आमची हरकत नाही. पण मग ती वापरा.

देण्याघेण्याचं. अक्का सुरुवातीची सहा वर्षं शाळेच्या हजेरीपटावर होत्या. पुढे कागदोपत्री त्यांचं नाव ठेकेदाराकडे गेलं. बस तीच, फाटक तेच, सुट्टीचा अर्ज मुख्याध्यापकांच्याच टेबलावर, गणवेशावर शाळेचंच नाव. अशा वेळी ‘आमच्या नव्हत्या’ हे म्हणणं कितपत टिकेल, ते आपल्या वकिलांना विचारा. ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे: शेवटच्या पगाराला २६ ने भागून १५ ने गुणायचं, आणि त्याला नोकरीच्या वर्षांनी. १३,००० पगार आणि सतरा वर्षं धरली तर १,२७,५०० रुपये होतात. नोकरीत मृत्यू झाला तर किमान पाच वर्षं नोकरीची अटही लागत नाही. रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची असते, पुढे व्याज लागतं. या घरावर उपकार करा असं कुणी म्हणत नाही. सतरा वर्षांपैकी सुरुवातीची सहा शाळेने द्यावीत आणि पुढची अकरा ठेकेदाराने, की सगळीच शाळेने, हे आपसात ठरवा. घरच्यांना दोन दारं झिजवायला लावू नका.

आमच्या मागण्या लिहून देतो, म्हणजे नंतर ‘नेमकं काय हवं होतं’ असा प्रश्न येणार नाही.

परिपत्रक मागे घ्या. प्रत्येक बसला एक महिला मदतनीस, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या मुलापर्यंत. दोन मार्ग वेगळेच राहतील आणि एकही मूल उभं राहणार नाही. गल्लीतले चौदा थांबे जसेच्या तसे, बदल करायचा तर पालकांसोबत जागेवर जाऊन.

ठेकेदार नेमायचाच असेल तर करारात या गोष्टी लिहा: पगार महिन्यावर, फेरीवर नाही, सकाळच्या दोन शाळांमध्ये तीच बस नाही, पुढच्या चाकांना नवे टायर, ‘मागचं बाक’ तपासल्याची सही. चालक आणि मदतनीस यांची चारित्र्य पडताळणी पोलिसांकडून झालेली असावी. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने बाहेरून नेमलेल्या माणसांबाबतही हे सांगितलेलं आहे. अक्कांची वही छापून घ्या, शहरातल्या प्रत्येक गाडीला एक, आणि छपाईचा खर्च फ्लेक्सपेक्षा कमी येईल हे आम्ही छापखान्यात विचारून आलोय.

शालेय परिवहन समिती कागदावर आहे. तिची बैठक शाळा उघडण्याआधी घ्या आणि पुढे दर तीन महिन्यांनी. बैठकीला चालक आणि मदतनीस यांनाही बसवा, त्यांना बाहेर बाकावर ठेवून त्यांच्याविषयी बोलू नका. बैठकीच्या दिवशी बस आवारात उभी ठेवा आणि आपत्कालीन दार सगळ्यांसमोर उघडून दाखवा.

अक्कांच्या घरच्यांना ग्रॅच्युइटीचा हिशेब लेखी द्या.

परिवहन कार्यालयाला वेगळी विनंती: शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात शाळेच्या बसची तपासणी रस्त्यात नको, मुलं घेऊन निघालेली बस अडवली की घंटा चुकते आणि चालक पुढे पळतो. तपासणी शाळेच्या आवारात, मुलं उतरल्यावर करा. मागच्या दारापाशी बाक असेल तर ते हलवून पाहा.

शाळा जूनच्या मध्याला उघडेल. त्याआधी लेखी उत्तर द्या, तोंडी नको. उत्तर आलं नाही तर पहिल्या दिवशी आमची मुलं या बसमध्ये बसणार नाहीत. आम्ही त्यांना आळीपाळीने स्वतः आणून सोडू आणि हेच पत्र सह्यांसह परिवहन कार्यालयात देऊ.

आपले,
नीलम नगर आणि अशोक चौक मार्गावरचे पालक, तसेच शाळेच्या गाड्यांवरचे चालक व मदतनीस
सोलापूर

ता. क.: बस सुट्टीभर उभी आहे. बाहेर काढण्याआधी मागच्या दाराच्या कडीला तेल घाला, हवेच्या टाकीतलं पाणी सोडा आणि बॅटरीचं पाणी पाहा. डाव्या बाजूचा मागचा टायर एप्रिलमध्येच बदलायला आला होता, तशी नोंद वहीत शेवटच्या पानावर आहे.